काळ्या शेळीचा हंगाम

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मला काळा ट्रॅकसूट मिळाला. बाहीला आणि पँटला सोनेरी पट्टा, पाठीवर सोनेरी शेळी आणि शेळीखाली माझं नाव: जाफर सर, सहायक प्रशिक्षक. लग्नाच्या बँडमधले लोक असेच कपडे घालतात. फरक इतकाच, की त्यांना काहीतरी वाजवता येतं.

देशभरच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हा दुसरा हंगाम. पहिल्या हंगामानंतर एक संघ बंद पडला आणि त्याची जागा आमच्या रणधीरशेठनी घेतली. रणधीरशेठ शहराभोवतीच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकतात. बास्केटबॉलमध्ये एका बाजूनं किती जण खेळतात, हे त्यांनी मला दुपारी विचारलं. पत्रकार परिषद संध्याकाळी होती. संघाचं नाव ठेवलंय 'धाराशिव ब्लॅक गोट्स', कारण उस्मानाबादी शेळी लांबलांबपर्यंत प्रसिद्ध आहे. "सर, वाघ-सिंह सगळ्यांकडंच हायत. शेळी हाय का कुणाकडं?"

नाही. शेळी कुणाकडंच नाही.

मग मी हो का म्हणालो? बसवेशसाठी. जळकोटच्या पेंड-सरकीच्या दुकानदाराचा हा मुलगा अकरावीला आमच्या कॉलेजात आला, तेव्हापासून मी त्याला शिकवतोय. सहा फूट सहा इंच. प्रत्येक संघात त्या जिल्ह्यातला एक तरी खेळाडू हवाच असा लीगचा नियम आहे, म्हणून त्याला घेतलं. बाकीचे सगळे बाहेरचे, त्यांच्यात तो बुजेल, म्हणून मी सोबत.

हे खरं आहे, पण पूर्ण खरं आहे का? ट्रॅकसूट घालून मी आरशात दोनदा पाहिलं. तेही इथं लिहून ठेवतो.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला सामना. शहराबाहेर पत्र्याचं इनडोअर स्टेडियम उभं केलंय. आत शिरलं की कानात गाणी कोंबली जातात. ती सामना सुरू असतानाही थांबत नाहीत. शेळीच्या वेशातला एक माणूस शिंगं हलवत प्रेक्षकांत फिरतो. लोक सामना सोडून त्याच्याबरोबर फोटो काढतात. त्यांना मी दोष देत नाही. आमच्या संघापेक्षा शेळी जास्त पळते.

दुसऱ्या क्वार्टरला कोच साहेबांनी (लुधियान्याचे आहेत, बोलणं थोडं, आवाज मोठा) बसवेशला उठवलं. त्यानं वरचं जॅकेट काढलं आणि केरळहून आलेल्या पंचांनी हात वर केला. गळ्यात दोरा आणि दोऱ्याला चांदीची डबी, आवळ्याएवढी.

"काढ," पंच इंग्रजीत म्हणाले.

"न्हाय," बसवेश मराठीत म्हणाला.

मी मध्ये पडलो. "निघत नाही का?"

"निघतं की सर. काढत न्हाय."

लिंगायत घरातला मुलगा. घर सोडून गावोगाव हिंडणार, म्हणून त्याच्या आजीनं, मल्लम्मांनी, गेल्या महिन्यात मठात नेऊन त्याला दीक्षा दिलीय. डबीत इष्टलिंग आहे. ते अंगावरून उतरवायचं नाही, झोपताना नाही, अंघोळ करतानाही नाही. खेळाचा नियम असा, की गळ्यात कठीण वस्तू घालून मैदानात उतरायचं नाही. हा नियमही बरोबर आहे. वीस वर्षं मी स्वतः पोरींच्या कानातली काढायला लावत आलोय.

कोच साहेब ओरडले, "निकाल दे यार, दो मिनट की बात है." तो बसला. त्याच्या जागी दुसरा गेला. शेळी नाचली. आम्ही बावीस गुणांनी हरलो.

रात्रीच्या जेवणाला मी नूरजहाँला म्हणालो, "तोळाभर दगडासाठी पोरगं घरी बसणार." बायकोनं ताट खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं. दगड हा शब्द मी उच्चारला आहे. पुन्हा उच्चारणार नाही.

आणि घरी बसणार हे मात्र खरं. संपूर्ण हंगामात ज्याचा पाय एकदाही मैदानाला लागला नाही, त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या खेळाडूंच्या बोलीत येत नाही. पुढं त्याच्यासाठी पेंड-सरकीचं दुकान आहेच.

११ नोव्हेंबर

बसवेश पंचांना "न्हाय" म्हणतो, ती क्लिप सगळीकडं फिरतेय. रणधीरशेठ मला मिठी मारायचे बाकी होते.

"सर, खेळला असता तर काय, दोन-चार गुण केले असते. न खेळता दोन लाख लोकांनी बघितला!"

"पण त्याला खेळायचंय."

"खेळू द्या की. पन घाई काय हाय?"

पोस्टर छापून आलंय. मधोमध बसवेश, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. शेजारी शेळी, तिच्याही कपाळावर तेच. माणसाची अक्कल किती खाली जाऊ शकते याची मला कल्पना होती असं वाटायचं. बसवेश एरवी कुणाला उलटून बोलत नाही. आज शेठसमोर उभा राहून म्हणाला, "माज्या कपाळाला लावलंय ते ऱ्हाऊ द्या. शेळीचं पुसा." शेठनी हसून पुसायला लावलं. फक्त नव्या पोस्टरवरून. जुनी पोस्टरं बसस्टँडवर तशीच आहेत.

१६ नोव्हेंबर, नाशिक

बसनं बारा तास. विमानानं नेणार होते. हरलो.

बेंचवर मी आणि बसवेश शेजारी बसतो. करमणूक म्हणून मी त्याला बारीक आवाजात समालोचन ऐकवतो. आमचा परदेशी खेळाडू पास देण्याआधी कॅमेरा कुठं आहे ते बघतो. टाइमआउटमध्ये कोच साहेब फळ्यावर बाण काढतात, त्या बाणांवरून चालायचं तर पोरांना भिंतीतून जावं लागेल. आमचा कर्णधार जमिनीवर पडला की केस नीट करून मग उठतो. "बघ," म्हणालो, "तंबू हाय, विदूषक हाय, जनावर हाय. हत्ती तेवढा राहिला. तो तू."

बसवेश खाली मान घालून हसतो. माझी टवाळी त्याला आवडते. निदान तेवढा तरी त्याचा वेळ बरा जातो.

हे लिहिताना मला मजा येतेय, हे लपवत नाही. तिरस्काराला चव असते. ती रोज लागते, इतकं मात्र बरं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाच सामने झाले. पाचही हरलो. बसवेश पाचही बेंचवर.

सरावानंतर त्याला बाजूला घेतलं. म्हणालो, "दहा मिनिटं काढ. देव काय तुला टाकून पळून जाणार नाही. मी हातात धरून उभा राहतो." तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या हातात कसं चालेल?

त्याच्या ते लगेच ध्यानात आलं. "तुमच्या हाताचा सवाल न्हाय सर. दुसऱ्या कुणाच्याच हातात न्हाय चालत. माज्या बापाच्या बी न्हाय."

"मग नाव यादीतून जाईल."

"जाऊ द्या."

"अरे, सात वर्षं घाम गाळलास!"

चेंडू हातावर फिरवत तो म्हणाला, "सर, तुमीच म्हनता न्हवं, ही सर्कस हाय? सर्कशीसाटी काढू व्हय?"

मुलगा वाद घालायला शिकलाय. कुणाकडून, कोण जाणे. या संघात वाद घालण्याइतकं डोकं तर कुणाला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सामना नव्हता. दिवसभर घरी.

ट्रॅकसूटची पँट सापडत नाही. बहुतेक कोइमतूरच्या हॉटेलात राहिली. हळहळ वाटायचं कारण नाही, पण दोन कपाटं उचकली.

संध्याकाळी नूरजहाँ शिलाई मशीनवर बसली होती. खाली स्पंजचे तुकडे पडलेले. काय चाललंय विचारलं, तर उठून टेप घेऊन आली आणि माझ्या दंडाभोवती गुंडाळली.

"हिलो नक्को जी."

"तौसिफच्या लग्नाचा कुर्ता का? दंडाचं माप कशाला?"

"दर्जी तुम हैं या मैं?" मग माप बघून हसायला लागली. "हाय अल्ला, ये दंड है? इसके दो करे तो उसका एक होता."

"कुणाचं एक?"

"तौसिफ का." तौसिफ, तिचा भाचा, माझ्याहून बारीक आहे. तिचं माप हल्ली चुकतं, चष्म्याचा नंबर बदलला असावा.

मशीन चालवता चालवता तिनं विचारलं, खेळणाऱ्याच्या दंडाला काही झालं असेल तर वर काही बांधून खेळता येतं का? तिनं खेळाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं. नीट समजावून सांगितलं: मनगटाला, कोपराला कठीण काही चालत नाही, वरून मऊ गुंडाळलं तरी नाही. दंडाचं वेगळं. तिथं संरक्षक पट्टी चालते, पण पुरेसा जाड गादीसारखा थर हवा, आणि रंग कपड्यांशी जुळायला हवा.

"काला?"

"आमच्या संघाला काळाच."

"तुमना सब मालूम है जी," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं असं मी धरून चालतो.

बसवेश दुपारी येऊन गेला म्हणे, मी नमाजला गेलो होतो तेव्हा. चहा पिऊन गेला. काय काम होतं, तर काही नाही.

७ डिसेंबर

हरलो. कोच साहेब हल्ली बसवेशला उठवतच नाहीत. वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. शेळीवाल्यानं पगार वाढवून मागितलाय. संघात कामगिरी दाखवून मागणारा तो एकटाच.

१० डिसेंबर

आज एक गोष्ट अशी झाली, की मी ती कितीही फुगवून लिहिली तरी खोटी वाटणार नाही.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर, एकोणीस तारखेला, संध्याकाळी पाचला. वेळापत्रक मुंबईत ठरलं, शेठनी त्याला होकार दिला, जाहिराती झाल्या. आज कॉलेजात कॅलेंडरचं पान उलटताना माझं लक्ष गेलं. एकोणीस डिसेंबर म्हणजे येळवस.

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या जिल्ह्यात शहरात माणूस राहत नाही. हिंदू, मुसलमान, शिक्षक, सावकार, ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, नाही तो दुसऱ्याच्या. शेतात पांडव पुजायचे, भाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, आंबील प्यायची आणि दिवस मावळला की परतायचं. रस्त्यावर संचारबंदीसारखी शांतता. हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं.

मी लीगच्या कचेरीत फोन लावला. पलीकडची मुलगी खूश झाली. "लोकल फेस्टिव्हल आहे का सर? मग तर गर्दी होईल!"

मग शेठना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "आयला! सर, मी सोता शेतात असतो की त्या दिवशी. पाव्हणे बोलवलेत दोनशे!"

धाराशिवच्या माणसानं येळवसेच्या दिवशी धाराशिवात सामना ठेवला. इंग्रजी तारीख वाचायला शिकलं, की आपल्या लोकांना अमावास्या दिसेनाशी होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

क्रमानं लिहितो.

चारला इनडोअरला पोचलो. दारावर कुणी नाही. गाणी लावणारा शेतात गेलेला. नाचणाऱ्या पोरी आल्याच नाहीत. शेळीवाला भूमचा, तो सकाळीच गावाला निघून गेला. शेळीचं डोकं एका खुर्चीवर ठेवलेलं होतं. कॅमेऱ्यावर एक मुलगा, तोही पुण्याचा, म्हणून सापडला. शेठ दोनशे पाहुण्यांत.

तीन हजार खुर्च्या आणि प्रेक्षक शून्य. मला हसू यायला हवं होतं.

सामना सुरू झाला आणि आवाज ऐकू आले. बुटांची चर्रचर्र, चेंडूचा ठोका, एकमेकांना मारलेल्या हाका. अख्ख्या हंगामात पहिल्यांदाच. आमचा कर्णधार सतत बोलत असतो, कोण कुठं मोकळा आहे ते ओरडून सांगत असतो. हे मला माहीतच नव्हतं. वाईट खेळत नाही तो. केस नीट करतो, पण वाईट खेळत नाही.

मध्यंतराला दारात टेम्पो थांबला. जळकोटचं अख्खं शेत उतरलं म्हणायचं. पुढं मल्लम्मा, ऐंशीच्या, काठी टेकत. मागं बसवेशचे वडील महालिंगप्पा, डोक्यावर आंबिलीचं रंगवलेलं मडकं. चुलते, चुलत्या, पोरंसोरं. आणि मल्लम्मांचा हात धरून माझी बायको. ती मला तौसिफच्या शेतात जाते म्हणाली होती.

मल्लम्मा पहिल्या रांगेत बसल्या. लीगच्या नियमाप्रमाणं बाहेरचं खाणं-पिणं आत आणता येत नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. पंचांनाही आंबील मिळाली.

चौथा क्वार्टर, आम्ही एकोणतीसनं मागं. कोच साहेब बसवेशकडं न बघताच म्हणाले, "चल."

मी म्हणालो, "सर, त्याचं ते गळ्यातलं..."

बसवेशनं जॅकेट काढलं. गळा मोकळा होता. डाव्या दंडावर काळी पट्टी, चांगली चार बोटं रुंद, बोटभर जाड, गच्च शिवलेली. पंच आले. केरळचे तेच. अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून पाहिलं, आत काय आहे विचारलं. बसवेशनं सांगितलं. त्यांनी पुन्हा दाबलं, थोडा विचार केला आणि मान हलवली.

पट्टीच्या कडेला सोनेरी रेघ होती. ती रेघ मी ओळखली. मी नूरजहाँकडं पाहिलं. ती आंबिलीच्या ग्लासात बघत होती.

हा नियम मी तिला स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. वीस वर्षं लोकांना शिकवत आलोय. दीड महिना मी फक्त गळ्याचा नियम घोकत होतो.

पोरगं मैदानात गेलं. पहिला पास त्याच्या हातातून सुटला. दुसऱ्या वेळी चेंडू घेऊन चालला, शिट्टी. मग एकाला धडक, फाउल. जळकोटची मंडळी प्रत्येक शिट्टीला टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटत होतं शिट्टी म्हणजे काहीतरी जमलं. एरवी मी यावर चार ओळी लिहिल्या असत्या.

शेवटच्या मिनिटाला त्यानं रिबाउंड घेतला. दोघांच्या डोक्यावरून, दोन्ही हातांनी, छातीशी. समोर माणूस आणि पाठीशी बास्केट. तिथून डाव्या पायावर वळायचं असतं. कॉलेजच्या फुफाट्यात सात वर्षं मी तेवढं एकच ओरडत होतो. तो उजव्यावर वळायला लागला.

"डावा! बसवेश, डावा पाय! डावा!"

तो डाव्यावर वळला. समोरचा माणूस मागं राहिला. तो उडाला आणि शिट्टी वाजली.

मग मी खाली पाहिलं. मी मैदानाच्या आत उभा होतो. बेंचपासून चांगली पाच-सहा पावलं.

टेक्निकल फाउल. आयुष्यातला पहिला. चेंडू बास्केटमध्ये गेला होता, पण शिट्टी वाजली तेव्हा तो बसवेशच्या हातात होता, म्हणून गुण धरले नाहीत. निर्णय बरोबर आहे. मीही हाच दिला असता.

समोरच्यांनी फ्री थ्रो मारला. तिसानं हरलो. बसवेशच्या नावावर शून्य गुण.

तो घामानं निथळत आला. मी टॉवेल पुढं केला. तो म्हणाला, "सर, हत्ती एकटाच बोलवला हुता. तुमी कशाला आत आला?" आणि असा हसला, की त्याच्या मागं उभे असलेले पंचही हसले.

मल्लम्मांनी त्याला वाकवून दंडावरून हात फिरवला. "अंगावर हुतं न्हवं सगळा येळ?"

"व्हय आजी."

"मैमेले इद्रे साकु," त्या कानडीत म्हणाल्या. अंगावर असलं की झालं. मठातल्या स्वामींना त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच विचारलं होतं. गळ्यात नसलं तरी दंडाला चालेल, असं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. म्हणजे हे तिघांना माहीत होतं. फक्त मला नाही.

परतताना नूरजहाँला विचारलं, मला का सांगितलं नाही?

"बच्चा बोला, सर को नक्को बोलो. सर हँसते."

मी हसलो असतो का? अर्धा तास विचार करतोय. हसलो असतो.

२१ डिसेंबर, रविवार

पुढच्या वर्षीच्या बोलीची यादी लागली. बसवेशचं नाव आहे, शेवटून दुसरं. त्यानं फोन केला. कुठला संघ घेईल माहीत नाही, चेन्नईनं घेतलं तर काय खायचं, असं विचारत होता. मी म्हणालो, इडली. इतकं सोपं उत्तर मी त्याला कधी दिलं नसेल.

शेठचाही फोन होता. मी मैदानात घुसतो ती क्लिप म्हणे शेळीपेक्षा जास्त चाललीय. पुढच्या हंगामात पोस्टरवर मला घेणार. मी त्यांना काय बोललो ते इथं लिहीत नाही. क्लिप पाहिलेली नाही. म्हणजे दोनदाच पाहिली.

संध्याकाळी नूरजहाँनं पँट आणून माझ्यासमोर टाकली. डावा पाय मांडीपासून कापलेला.

"फेक दूँ?"

मी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"दूसरा पाँव साबूत है जी. पसीने से पट्टी सड़ गई तो अगले साल एक और निकलती उसमें."

तो एक पाय मी नीट झटकला, सोनेरी रेघ बाहेर राहील अशी घडी घातली आणि कपाटात, चांगल्या कपड्यांच्या खणात ठेवला.